वेडगळ प्रश्नांचे शहाणपण

विज्ञानाचा तास चालू होता. गुरुजी ऊर्जेविषयी सांगत होते. इतक्यात मागच्या बाकावरील एका मुलाने विचारले, “गुरुजी, एक वडापाव खाल्ला, तर किती उंच गड चढता येईल?” सारा वर्ग खो खो हसू लागला. तो मुलगा ओशाळून खाली बसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते खडू घेऊन फळ्याकडे वळले आणि म्हणाले, “प्रश्न वेडगळ वाटतो खरा, पण आपण त्याचे उत्तर काढू या.”

सगळेच वडापाव सारखे नसतात. म्हणून एका वडापावातून ३०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते, असे त्यांनी धरले. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेचा साधारण चौथा हिस्साच कामी लावतात. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. म्हणून तर चढताना अंग तापते व घाम येतो. तेव्हा कामाच्या राहिल्या ७५ किलोकॅलरी. एक किलोकॅलरी म्हणजे सुमारे ४,२०० जूल. ह्या हिशेबाने ३,१५,००० जूल हाती आले. एक किलोग्रॅमची वस्तू एक मीटर उचलण्यास सुमारे १० जूल लागतात. म्हणजे ४० किलोग्रॅम वजनाच्या मुलास एक मीटर चढण्यास ४०० जूल. भागाकार केला तेव्हा उत्तर आले सुमारे ७९० मीटर. दहा कुतुबमिनार एकावर एक ठेवले, तरी एवढी उंची भरत नाही! वळणावळणाच्या वाटेने चालण्यात आणखी ऊर्जा जाते, त्यामुळे प्रत्यक्षात उंची काहीशी कमी भरेल. तरीही एक चांगला गड सहज सर होईल.

आता वर्गाला धीर आला. दुसऱ्या एकाने विचारले, “पृथ्वीला आरपार भोक पाडून त्यात वडा टाकला, तर तो कोठे जाईल?”

असे भोक पाडणे शक्य नाही. पृथ्वीचे केंद्र आपल्यापासून सुमारे ६,३७० किलोमीटर खोल आहे. रशियातील कोला द्वीपकल्पावर १९७० साली एक खोल छिद्र पाडण्यास आरंभ झाला. १९८९ साली ते १२,२६२ मीटरांपर्यंत पोहोचले. केंद्रापर्यंतच्या वाटेचा हा पाचशेवा हिस्साही नव्हे. तेवढ्या खोलीवरच खडकांचे तापमान सुमारे १८० अंश सेल्सियस होते. केंद्रापाशी तर ते ५,००० अंशांहून अधिक आहे.

पण कल्पनेला कुदळ लागत नाही. भोकात हवा नाही, उष्णता नाही, पृथ्वी स्वतःभोवती फिरत नाही आणि ती सर्वत्र सारख्याच घनतेची आहे, असे क्षणभर मानू. वडा सोडताच त्याचा वेग वाढू लागेल. तो जसजसा खोल जाईल, तसतशी केंद्राकडील ओढ कमी होत जाईल आणि केंद्रात ती शून्य होईल. मग वडा तेथेच थांबेल काय? नाही. ओढ संपली तरी वेग संपलेला नसतो. उलट तेथेच तो सर्वांत अधिक, म्हणजे सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर, असेल. त्या भरात वडा केंद्र ओलांडून पुढे जाईल. पुढे पृथ्वी त्याला मागे ओढील, वेग मंदावेल आणि सुमारे ४२ मिनिटांनी तो दुसऱ्या तोंडाशी पोहोचेल. तेथे कोणी झेलला नाही, तर झोपाळ्याप्रमाणे परत फिरेल. मात्र मुंबईतून सोडलेला वडा झेलणाऱ्यास नावेत बसावे लागेल. कारण मुंबईच्या बरोबर विरुद्ध बाजूस पॅसिफिक महासागर आहे!

एका मुलीने विचारले, “आणि तो वडा भोकात न टाकता जमिनीला समांतर असा खूप जोराने फेकला, तर?”

गुरुजींचा चेहरा उजळला. ते म्हणाले, “हा प्रश्न न्यूटनलाही पडला होता. फरक इतकाच, की त्याच्या मनात वड्याऐवजी तोफेचा गोळा होता.” १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ ह्या ग्रंथात न्यूटनने डोंगरमाथ्यावरून उडवलेल्या गोळ्याचा विचार केला आहे. गोळ्याचा वेग जितका अधिक, तितका तो दूर जाऊन पडेल. पण पृथ्वी गोल आहे. वेग पुरेसा असेल आणि हवेचा अडथळा नसेल, तर गोळा जितका खाली येईल तितकीच खालची जमीनही वळत जाईल. तो पडतच राहील, पण जमिनीला कधीच लागणार नाही. पृथ्वीला प्रदक्षिणा घालू लागेल. त्यासाठी वेग किती हवा? सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर!

मुलांनी फळ्याकडे पाहिले. भोकातील वड्याचा केंद्रातील वेग तेथे लिहिलेला होता. दोन वेडगळ प्रश्न, आणि आकडा एकच! हा योगायोग नव्हे. दोन्ही ठिकाणी तीच पृथ्वी आणि तिचीच ओढ काम करीत असते.

गुरुजी पुढे म्हणाले, “४ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘स्पुटनिक’ हा पहिला कृत्रिम उपग्रह पृथ्वीभोवती फिरू लागला. न्यूटनच्या ग्रंथानंतर २७० वर्षांनी त्याची कल्पना खरी झाली. मुलांनो, चमत्कारिक प्रश्न ऐकून हसू येणे स्वाभाविक आहे. पण हसून तेथेच थांबू नये. कोणत्या गोष्टी ठाऊक आहेत, कोणत्या गृहीत धरल्या आहेत, हे स्पष्ट करावे आणि हिशेब मांडावा. उत्तर निघाले, की प्रश्नाचा वेडगळपणा आपोआप गळून पडतो.”

तास संपल्याची घंटा झाली. मागच्या बाकावरील मुलगा वहीत काहीतरी लिहीत होता. शेजारच्या मुलांनी डोकावून पाहिले. तो आपल्या आजोबांचे वजन घेऊन तोच हिशेब पुन्हा मांडीत होता. ह्या वेळी कोणी हसले नाही.