गाण्याचं कुलूप आणि दुकानदाराचं रजिस्टर

कायद्याची कलमं वाचत बसायची मला जुनी खोड आहे. त्यातलं एक पोटकलम काही केल्या डोक्यातून जात नाही: कॉपीराइट कायद्याचं कलम ६५ए, पोटकलम दोन. २०१२च्या दुरुस्तीत ते आलं. पहिलं पोटकलम अपेक्षेप्रमाणे दटावतं. हक्कभंग करण्याच्या इराद्याने गाण्यावरचं डिजिटल कुलूप तोडलंत, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. दुसरं पोटकलम एकदम सैल पडतं. कायद्याने स्पष्ट मनाई केलेली नाही अशा कामासाठी कुलूप तोडायला हरकत नाही, असं ते म्हणतं. मात्र दुसऱ्याला तोडून देणाऱ्याने त्या माणसाचं नाव, पत्ता, ओळख पटेल असा तपशील आणि तोडण्याचं कारण यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे.

म्हणजे रजिस्टर आलं. दिल्लीत हे लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं, कुणास ठाऊक. माझ्या डोळ्यांसमोर यवतमाळचा दत्त चौक येतो, पुसद-दिग्रसच्या बसस्टँडसमोरची रिचार्जची दुकानं येतात. "भाऊ, कार्ड फुल्ल करून द्या" म्हणत मेमरी कार्ड काउंटरवर टेकवणारा शेतकरी, आणि आत कॉम्प्युटरवर फोल्डर उघडून बसलेला पोरगा. जुनी हिंदी, भीमगीतं, बंजारा गाणी, डीजे. त्याने गिऱ्हाइकाला विचारायचं, "काका, कारण काय लिहू?"

खरं तर त्या पोराला कुलूप तोडावंच लागत नव्हतं. त्याच्याकडे येणारी एमपी३ आधीच उघडी असायची. त्याचा गुन्हा होता तो साध्या नक्कलेचा, कलम ६३खालचा: सहा महिने ते तीन वर्षं. कुलूप त्या काळी भेटायचं ते विकत घेतलेल्या रिंगटोनला. ती दुसऱ्याला पाठवू गेलं की फोन साफ नकार द्यायचा. 'फॉरवर्ड लॉक' म्हणायचे त्याला. पैसे मोजून घेतलेली टोन अडकायची आणि कार्डातलं फुकटचं गाणं ब्लूटूथवरून गावभर फिरायचं. नक्कलबंदीच्या सगळ्या वादाचं सार या एका गमतीत आहे, असं मला वाटतं.

परदेशातला तमाशा वाचकांना ठाऊक असेलच, म्हणून झटपट. २००२मध्ये युरोपात नक्कलबंद सीड्या निघाल्या आणि त्यांच्या कडेला मार्कर पेनची रेघ ओढली की बंदी संपते, हे लोकांनी शोधून काढलं. २००५मध्ये सोनी बीएमजीच्या सीड्या ग्राहकांच्या कॉम्प्युटरमध्ये चोरून सॉफ्टवेअर बसवतात, हे मार्क रुसिनोविच या तंत्रज्ञाने उघडकीस आणलं आणि कंपनीला सीड्या परत घ्याव्या लागल्या. फेब्रुवारी २००७मध्ये खुद्द स्टीव्ह जॉब्झने कुलपं काढा म्हणून जाहीर पत्र लिहिलं. २००९मध्ये आयट्यून्सने आपल्या दुकानातल्या गाण्यांवरचं कुलूप काढायची घोषणा केली.

आणि आपण तीन वर्षांनी कुलपाला कायद्याचं संरक्षण दिलं! तेही ज्या आंतरराष्ट्रीय करारांच्या धर्तीवर दिलं, त्यांत भारत तोवर सामीलच नव्हता. तो झाला २०१८मध्ये. मे २०१२मध्ये संसदेत हे विधेयक गाजलं, पण जावेद अख्तर राज्यसभेत तळमळीने बोलले ते गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीवर. ती लढाई रास्तच होती. तिच्या धुरळ्यात ६५ए गुपचूप पार पडलं. त्याच दुरुस्तीने खासगी वापराची सवलत ध्वनिमुद्रणालाही लागू केली. म्हणजे विकत घेतलेलं गाणं स्वतःच्या दुसऱ्या फोनवर न्यायला कुलूप उघडणं, निदान माझ्या वाचनानुसार, गुन्हा नाही. अमेरिकेपेक्षा आपला कायदा इथे उदार आहे.

महाराष्ट्र सरकारला मात्र ही उदारता मानवली नसती. १९८१चा एमपीडीए कायदा जिल्ह्याच्या बातम्यांत हमखास भेटतो. झोपडपट्टीगुंड, हातभट्टीवाले आणि औषधीद्रव्यविषयक गुन्हेगार यांच्यासाठी केलेला. २००९मध्ये या पंगतीत 'व्हिडिओ पायरेट'चं पान मांडलं गेलं. व्याख्येत चित्रपटाबरोबर त्याच्या ध्वनिपट्टीची रेकॉर्डही आहे. शेजारी पुढे वाळू तस्कर येऊन बसले. या कायद्याखाली खटल्याशिवाय वर्षभर स्थानबद्ध करता येतं. पैनगंगेतली वाळू रात्रीतून उपसणारा आणि सिनेमाची गाणी कार्डात भरणारा एका ओळीत बसावेत, हे मला आजही पटत नाही. वाळूने नदी जाते. गाण्याच्या नक्कलेने गाणं जागचं हलत नाही. बुडतो तो मोबदला, आणि त्यासाठी कॉपीराइट कायदा पुरेसा कडक आहे.

२०१२मध्येच फ्लिपकार्टने 'फ्लाइट' नावाचं दुकान काढलं होतं. कुलूप नसलेली एमपी३, दर सहा रुपयांपासून. जून २०१३मध्ये ते बंद पडलं. उघडं गाणं प्रामाणिकपणे विकायचा हा मोठा देशी प्रयत्न होता, पण इंटरनेटवर सहा रुपये भरायची सोय तेव्हा गावात होती कुठे? यूपीआय आलं २०१६मध्ये.

मग २०१७मध्ये सारेगामाने, म्हणजे जुन्या एचएमव्हीने, 'कारवां' हा गाणी वाजवणारा पेटीवजा प्लेअर आणला. पाच हजार गाणी पेटीत कायमची बंद. आपला पेनड्राइव्ह लावा, खुशाल ऐका. पेटीतलं गाणं बाहेर काढायचं नाही. वर्ष-दोन वर्षांत तो दिवाळीत आईवडिलांना द्यायची भेट झाला. कुलपाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. स्ट्रीमिंगचंही तेच. महिन्याचे पैसे थांबले की 'डाउनलोड' केलेली गाणी वाजायची थांबतात, आणि ते आपण वीजबिलासारखं मान्य केलं आहे. वाद मिटला तो असा. कुलूप गाण्यावरून उठून यंत्रावर आणि वर्गणीवर जाऊन बसलं.

आता पुन्हा त्या पोटकलमाकडे. कुलूप उघडायचा हक्क ते देतं, पण कुलूप लावणाऱ्या कंपनीने किल्ली द्यावी असं बंधन ६५एमध्ये कुठेच नाही. उद्या कुणी आपल्याच पेटीतलं गाणं खासगी वापरासाठी काढून मागितलं, तर ते काम त्या बसस्टँडसमोरच्या पोराकडेच येणार. नोंद ठेवायची सक्तीही त्याच्यावरच आहे.