आईच्या दुधाचे मोल कोण देतो?

आईचे दूध शुद्ध असते, ताजे असते, त्यात भेसळ होत नाही आणि त्याला पैसा पडत नाही, असे प्रसूतिगृहांच्या भिंतींवरील फलक सांगतात. यांपैकी पहिल्या तीन विधानांबद्दल दुमत नाही. चौथे मात्र अर्थशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिले पाहिजे.

प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील घट्ट, पिवळसर चीक हा नवजात अर्भकाला मिळणारा रोगप्रतिकारक द्रव्यांचा पहिला पुरवठा होय. पुढे सहा महिने बाळाला वरचे पाणीही लागत नाही. कारण या दुधात सुमारे ८८ टक्के पाणीच असते. अतिसार व श्वसनमार्गाचे विकार त्यामुळे कमी होतात. आईचाही लाभ लहान नाही. बाळ पिऊ लागले की गर्भाशय आकुंचन पावते व रक्तस्राव आटोक्यात येतो. पुढील आयुष्यात स्तनाच्या व बीजकोशाच्या कर्करोगाचा धोका घटतो. स्तनपान जवळजवळ सार्वत्रिक झाले तर जगात दरवर्षी सुमारे ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाने होणारे २० हजार मृत्यू टळतील, असा अंदाज ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१६ साली प्रसिद्ध केला.

असे असूनही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत होत होत्या, पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळणारी बालके ४१.८ टक्केच होती. सहा महिन्यांखालील बालकांपैकी केवळ आईच्या दुधावर असणारी ६३.७ टक्के होती. यातील काही दोष अज्ञानाचा असेल, सारा नव्हे.

उल्हासनगरचेच उदाहरण घ्यावे. फाळणीनंतर लष्करी छावणीच्या बराकींत आलेल्या सिंधी विस्थापितांनी हे शहर हिकमतीने उद्योगी केले. कॅम्प २ मधील गजानन मार्केट आणि जपानी बाजार हे त्याचेच फळ. परंतु अशा बाजारपेठांचा पाया म्हणजे लहान दुकाने, लहान कारखाने आणि नगावर मजुरी देणारे घरकाम. तयार कपड्यांचे धागे कापणाऱ्या किंवा दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या स्त्रीला बाळाला पाजण्यात गेलेला प्रत्येक तास मजुरीत जाणवतो. दूध पिण्याने वाढते, न पिण्याने आटते. येथे मागणीच पुरवठा निर्माण करते. आई आठ-दहा तास दूर राहिली की दूध कमी होते, मग भुकटीचा डबा येतो आणि डबा महाग म्हणून भुकटी पातळ कालवली जाते. १९९२ च्या कायद्याने बालदुग्धपर्यायांच्या जाहिरातींना बंदी घातली, हे योग्यच झाले. पण कामावर निघालेल्या आईला घरी थांबविणे त्या कायद्याच्या हाती नाही.

प्रसूतिरजेचा विचार महाराष्ट्राला नवा नाही. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिलाभ विधेयकाला पाठिंबा देताना, मातेची विश्रांती हे राष्ट्राचे हित असल्याने तिचा बराचसा भार सरकारने उचलावा, असे प्रतिपादन केले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९६१ च्या केंद्रीय कायद्यातील रजा २०१७ मध्ये २६ आठवड्यांपर्यंत वाढली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती कायम ठेवली. परंतु दुकानांसाठी दहा कामगारांची आणि पाळणाघरासाठी पन्नास कामगारांची अट आहे. चार नोकरांच्या दुकानाला ती लागू नाही. घरी बसून नगावर काम करणारीला तर मालकच दाखविता येत नाही. तिच्या वाट्याला येतात ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे, पहिल्या अपत्यासाठीचे ५,००० रुपये. सहा महिन्यांवर वाटले तर दिवसाला २८ रुपयेही पडत नाहीत. वस्तुतः २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने किमान ६,००० रुपयांचे अभिवचन दिले होते.

समाजाने खर्च केला तर काय साधते, याचा दाखला याच मध्य रेल्वेच्या मार्गावर शीव येथे आहे. तेथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. मातांनी दान केलेले दूध तेथे निर्जंतुक करून अपुऱ्या दिवसांच्या व आजारी अर्भकांना दिले जाते. दान विनामूल्य असते, परंतु शीतपेट्या, तपासण्या व परिचारिका यांवर महापालिकेला पैसा घालावा लागतो, आणि तो कोणी उधळपट्टी मानीत नाही.

तोच न्याय धडधाकट बाळाच्या आईला लावावयास हवा. महापालिकेने व व्यापारी संघटनांनी मिळून प्रत्येक मोठ्या मार्केटमध्ये पाळणाघराची एक खोली चालवावी; कारण बाळ जवळ असल्यावाचून पाजण्याच्या सुट्टीला अर्थ नाही. अंगणवाडीला पाळणाघराची जोड देण्याची केंद्राची ‘पाळणा’ योजना अशा वस्त्यांत प्रथम यावी. मातृवंदनेची रक्कम बुडालेल्या मजुरीशी जोडावी. यांतील प्रत्येक गोष्टीला पैसा लागेल. पण आज तो लागत नाही असे नव्हे. आज तो आई एकटीच्या मजुरीतून आणि बाळाच्या प्रकृतीतून वसूल होतो.