'कॅलस' : हातावरचा घट्टा आणि मनावरचा

इंग्रजीतील 'कॅलस' हे विशेषण मराठीत आणताना आपण सहसा 'निर्दय' किंवा 'निष्ठुर' असे लिहून मोकळे होतो. प्रस्तुत लेखकानेही पुष्कळ वर्षे तेच केले. परंतु या शब्दाचे मूळ पाहिले असता ही सोय महागात पडते, असे दिसून येईल.

लॅटिन 'कॅलम' म्हणजे कठीण झालेली कातडी. वारंवार घर्षण झाले की त्वचेचा बाहेरचा थर जाड होतो व आतल्या भागाचे रक्षण करतो. त्या जागी स्पर्शाची जाणीव मात्र मंदावते. शरीराची ही अवस्था इंग्रजीने पुढे मनालाही लावली. १७५५ सालच्या जॉन्सनच्या कोशात दोन्ही अर्थ आढळतात.

तेव्हा या विशेषणात आघाताची पुनरावृत्ती आहे, आत्मरक्षण आहे आणि संवेदनेचा लोपही आहे. 'निर्दय' या शब्दात स्वभाव आहे, इतिहास नाही. 'कोडगा' या शब्दात इतिहास आहे. पण कोडग्याला स्वतःची निर्भर्त्सना लागत नाही, तर 'कॅलस' माणसाला दुसऱ्याचे दुःख लागत नाही. गेंड्याची कातडी तर जन्मजातच जाड.

'हॅम्लेट'च्या पाचव्या अंकातील थडगे खणणारा कामात गात असतो. होरेशिओ त्याचे कारण सवयीत शोधतो आणि हॅम्लेटलाही ते पटते. तेथे हा शब्द नाही, त्याचा आशय मात्र पुरता आहे. त्या श्रमिकाला 'निर्दय' म्हणणे हा उघड अन्याय होईल.

मग 'मनाला घट्टे पडलेला' असे का म्हणू नये? अडचण अशी, की आपल्याकडे घट्टा ही कष्टाची खूण आहे. संस्कृतात त्याला 'किण' म्हणतात. 'शाकुंतला'त दुष्यंताच्या बाहूवरील प्रत्यंचेचा किण प्रजारक्षणाची साक्ष देतो. जे चिन्ह आपल्या परंपरेत गौरवाचे, ते इंग्रजी लक्षणेत दोषाचे ठरले आहे.

माझ्या मते 'निबर' हा शब्द अधिक जवळचा. कोवळी भेंडी दिवस उलटले की निबर होते, तसेच मनही. या शब्दात दोष आहे, पण एके काळच्या कोवळेपणाची आठवणही आहे. 'निर्दय' लिहिणारा अनुवादक ती आठवण पुसतो आणि मूळ लेखकाने न दिलेला निकाल स्वतःच देऊन बसतो.