चित्रपुस्तकाच्या लेखकाला हवा पारखी मार्गदर्शक

मुलांसाठी चार ओळी लिहिणे सोपे, असा समज असल्याने घरोघरी हौशी लेखक आढळतात. त्यांचे कौतुक करणारे पुष्कळ. पारख करणारा मात्र विरळा.

न्यूयॉर्कच्या हार्पर प्रकाशनातील बालपुस्तकांच्या संपादिका उर्सुला नॉर्डस्ट्रॉम यांच्यापाशी ही पारख होती. खेळण्यांच्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजविणाऱ्या तरुण मॉरिस सेंडाक यांची चित्रे १९५० मध्ये पाहून त्यांनी त्यांना काम दिले. आधी इतरांच्या पुस्तकांना चित्रे, मग स्वतःचे लेखन, अशी त्यांची घडण झाली. पुढे सेंडाक यांनी रानघोड्यांवरील पुस्तक हाती घेतले. पण घोडे काही साधेनात. तेव्हा बाईंनी विचारले, मग तुम्हाला काढता तरी काय येते? त्यातून घोड्यांच्या जागी अक्राळविक्राळ प्राणी आले. १९६३ साली निघालेल्या ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ या पुस्तकात जेमतेम साडेतीनशे शब्द आहेत. काही पाने तर निःशब्द! १९६४ मध्ये त्यास कॅल्डेकॉट पदक लाभले.

चित्र जे सांगते ते शब्दांतून वगळावयास लावणे, बहुधा ३२ पानांच्या मर्यादेत पान उलटण्याची उत्सुकता टिकविण्यास शिकविणे आणि उणीव दिसताच बलस्थान शोधणे, हे मार्गदर्शकाचे खरे कार्य होय. नवख्या मुलाला आपण गल्ल्यावर बसवितो, ते पहिल्याच दिवशी नफा व्हावा म्हणून नव्हे.

घरातील सुनेने वा नातवाने गोष्ट वाचावयास दिली, तर ‘छान’ म्हणून वही मिटू नये. ती एखाद्या बालकाला मोठ्याने वाचून दाखवावी, ते जेथे कंटाळेल तेथे खूण करावी आणि मगच वही परत करावी.