विश्लेषण : सरकार, मालक, कामगार एकाच टेबलावर, पण २०१५ नंतर श्रम परिषद भरलीच नाही!

चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आणि २९ जुने कामगार कायदे त्यांत सामावले गेले. वेतन, संपाची नोटीस, कामगार कपात अशा अनेक बाबींचे नियम बदलले. मात्र असे विषय ज्या व्यासपीठावर सरकार, मालक आणि कामगार संघटनांनी समोरासमोर बसून बोलायचे, ती भारतीय श्रम परिषद जुलै २०१५ नंतर झालेली नाही. त्याने तुमच्या पगाराला काय फरक पडतो?

त्रिपक्षीय चर्चा म्हणजे काय?

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अर्थात आयएलओ १९१९ मध्ये स्थापन झाली. भारत तिचा संस्थापक सदस्य. तिच्या वार्षिक परिषदेत प्रत्येक देशातून सरकारचे दोन, मालकांचा एक आणि कामगारांचा एक प्रतिनिधी असतो. प्रत्येकाचे मत स्वतंत्र. याच धर्तीवर १९४२ मध्ये दिल्लीत पहिली त्रिपक्षीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी होते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

चर्चेतून हाती काय लागते?

सर्वांत ठळक उदाहरण १९५७ च्या १५ व्या परिषदेचे. किमान वेतन कसे मोजायचे, यावर तेव्हा तिन्ही पक्षांचे एकमत झाले. कुटुंबात खाणारी तीन माणसे धरायची, प्रत्येकी रोज २७०० कॅलरींचा आहार, कुटुंबाला वर्षाला ७२ यार्ड कापड, शिवाय घरभाडे आणि इंधन-दिवाबत्तीचा खर्च. ही केवळ शिफारस होती, कायदा नव्हे. तरीही १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती आधारभूत मानली आणि मुलांचे शिक्षण, औषधोपचार आदींसाठी २५ टक्के वाढवायला सांगितले. वेतन संहितेच्या २०२० च्या मसुदा नियमांतही हेच सूत्र आहे. फक्त ७२ यार्डांचे ६६ मीटर झाले.

सरकारवर बंधन आहे का?

अंशतः. आयएलओच्या करार क्रमांक १४४ ला भारताने १९७८ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार आंतरराष्ट्रीय श्रम मानकांबाबत वर्षातून किमान एकदा मालक आणि कामगारांच्या प्रतिनिधींशी चर्चा करावी लागते. मात्र त्यांचे ऐकलेच पाहिजे, असे बंधन नाही, निर्णय सरकारचाच. श्रम परिषद तर कोणत्याही कायद्याने सक्तीची केलेली नाही.

वाद नेमका कुठे?

संहितांवर अनेक त्रिपक्षीय बैठका घेतल्या, असे सरकार सांगते. त्या बैठका परिषदेची जागा घेऊ शकत नाहीत, असे कामगार संघटनांचे म्हणणे. संहितांचे स्वागत करणाऱ्या भारतीय मजदूर संघानेही परिषद बोलावण्याची मागणी केली आहे. संघटना स्वातंत्र्य आणि सामूहिक वाटाघाटींबाबतच्या ८७ आणि ९८ क्रमांकांच्या करारांना भारताने अद्याप मान्यता दिलेली नाही. हाही जुना मुद्दा.

तुम्ही कशावर लक्ष ठेवावे?

वेतन संहितेनुसार केंद्र ‘पायाभूत वेतन’ ठरवणार आहे. कोणत्याही राज्याला किमान वेतन त्याखाली ठेवता येणार नाही. हा आकडा ठरवण्याआधी मालक आणि कामगारांचे समसमान प्रतिनिधी असलेल्या केंद्रीय सल्लागार मंडळाचे मत घेण्याची तरतूद आहे. पण संहितेत त्यासाठी शब्द आहे ‘घेऊ शकते’. ‘घेतलेच पाहिजे’ असा नाही. त्यामुळे पायाभूत वेतन जाहीर होईल तेव्हा रकमेबरोबरच ती ठरवताना कोणाला विचारले, हेही पाहायला हवे.