गुठळी फुफ्फुसात, साक्ष हृदयाची

२०२१च्या उन्हाळ्यात कोविडची दुसरी लाट आली आणि कर्नाटक-महाराष्ट्र सीमाभागातल्या घराघरांत एक नवा शब्द शिरला: डी-डायमर. कमलनगर, औराद, भालकीकडची माणसं खाटेच्या शोधात कधी बीदर, कधी उदगीर, तर कधी लातूर गाठत होती, आणि त्यांच्याआधी त्यांचे लॅबचे रिपोर्ट मोबाइलवरून पुढे पोचत होते. कुणाचा डी-डायमर आठशे, कुणाचा तीन हजार. आकडा मोठा म्हणजे आजार मोठा, असा हिशेब लोकांनी मनाशी बांधला. कोविडपुरतं त्यात थोडं तथ्यही होतं. लाट ओसरली, हिशेब मात्र राहिला. आजही कुणाला अचानक धाप लागली आणि डॉक्टर म्हणाले, ‘फुफ्फुसात गुठळी असू शकते’, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला: डी-डायमर किती आला?

हा प्रश्न चुकीच्या तपासणीला विचारला जातो. गुठळी आहे की नाही, या शंकेच्या टप्प्यावर डी-डायमर कामाचा. ती जिवावर बेतणारी आहे का, हे कळायला रक्तातच दुसरीकडे पाहावं लागतं, आणि तिथे साक्ष मिळते ती फुफ्फुसाची नव्हे, हृदयाची.

गोष्ट बहुतेक वेळा पायात सुरू होते. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्त साकळतं, तिथली गाठ सुटते, रक्ताबरोबर वर चढते, हृदयाच्या उजव्या बाजूतून पार होते आणि फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन अडकते. यालाच पल्मनरी एम्बोलिझम म्हणतात. ऑपरेशन, मोडलेलं हाड, कर्करोग, बाळंतपण, अंथरुणाला खिळणं ही त्याची नेहमीची कारणं. नुसतं बसून राहणंही पुरतं. १९४० साली लंडनवर जर्मन बॉम्ब पडत होते तेव्हा लोक रात्र-रात्र निवाऱ्यांमध्ये कापडी आरामखुर्च्यांवर बसून काढत. कीथ सिम्प्सन या न्यायवैद्यक तज्ज्ञाने त्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की फुफ्फुसातल्या गुठळीने होणारे मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सहापट झाले आहेत. खुर्चीची कड मांडीमागे रुतायची आणि पायातलं रक्त तुंबायचं. आपल्याकडे रात्रभराच्या बसने पुण्या-मुंबईला जाणाऱ्यांनी यातून धसका घ्यायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७च्या अहवालानुसार चार तासांहून लांबच्या प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, तरीही तो सहा हजारांत एखाद्याला. पण सीझर होऊन आठवडा झालेल्या किंवा पायाला प्लास्टर असलेल्या माणसाचा हिशेब निराळा.

टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं उदाहरण या बाबतीत लक्षात ठेवण्यासारखं आहे. सप्टेंबर २०१७मध्ये सीझरने मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. आधी २०११मध्ये हा आजार होऊन गेलेला असल्यामुळे तिने स्वतःच सीटी आणि रक्त पातळ करणारं हेपारिन मागितलं. वेदनाशामक औषधामुळे ती गोंधळली असावी, असं नर्सला वाटलं. सीटी झाला तेव्हा फुफ्फुसात गुठळ्या सापडल्या. जगातल्या एका नामांकित खेळाडूला अमेरिकेतल्या दवाखान्यात इतकं अडून बसावं लागलं. आपल्याकडे ओल्या बाळंतिणीला दम लागला, तर ‘अशक्तपणा आहे, उतरेल’ म्हणणारी माणसं घरातच असतात.

आता डी-डायमरचं काम नीट बघू. गुठळी म्हणजे फायब्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी. शरीर ती कापायला लागलं की जे तुकडे रक्तात पडतात, त्यांतला एक डी-डायमर. म्हणून ज्याच्या बाबतीत शंकाच कमी आहे, त्याचा डी-डायमर नॉर्मल आला तर गुठळी जवळजवळ नाहीच असं म्हणता येतं आणि सीटी वाचतो. उलटं मात्र खरं नाही. न्यूमोनिया, गरोदरपण, ऑपरेशन, मार, कर्करोग, एवढंच कशाला, नुसतं वय यानेही तो वाढतो. नेहमीची मर्यादा मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅम. पन्नाशीनंतर वयाला दहाने गुणून येणारा आकडा मर्यादा धरावा, असं २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं. म्हणजे बहात्तरीच्या आजोबांचा ६५० आला तर घाबरू नये. एककांचा घोळ आणखी वेगळा. एक लॅब ८०० लिहिते, दुसरी ०.८, आणि दोन्ही तेच असतात, कारण दुसरीने लिटरला मिलिग्रॅममध्ये मोजलेलं असतं. काही लॅब तर अशा पद्धतीने मोजतात की तिचा २५० म्हणजे इतरांचा ५००. व्हॉट्सअ‍ॅपवर आकड्यांची तुलना करणाऱ्यांच्या हे गावीही नसतं. तक्रार नसताना ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये डी-डायमर घालून विकणाऱ्या लॅबबद्दल काय बोलावं! त्यातून निघते ती चिंता आणि पुढचं बिल.

मग गंभीरता कशी ठरते? आधी रक्ताने नव्हेच. वरचं ब्लडप्रेशर ९०च्या खाली गेलं आणि तिथेच राहिलं, हातपाय गार पडले, माणूस भान हरपू लागला, तर तो अतिधोक्याचा रुग्ण, आणि हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणाऱ्या ट्रोपोनिन या तपासणीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबणं हा अपराध ठरेल. प्रेशर शाबूत असेल तर सहा साध्या गोष्टी बघतात: वय ८०च्या वर आहे का, कर्करोग आहे का, हृदयाचा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार आहे का, नाडी ११० किंवा त्याहून जास्त आहे का, वरचं प्रेशर १००च्या खाली आहे का, ऑक्सिजन ९० टक्क्यांच्या खाली आहे का. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१०मध्ये बांधलेल्या या यादीतलं एकही लागू नसेल तर महिनाभरातल्या मृत्यूचा धोका शंभरात एक. एक जरी लागू असेल तर तो शंभरात अकराच्या घरात जातो. या यादीला लॅब लागत नाही. प्रेशरचा पट्टा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आणि घड्याळ असलं की कमलनगरात बसूनही ती भरता येते.

ज्यांची यादी कोरी नाही पण प्रेशर टिकून आहे, त्या मधल्या लोकांचं खरं कोडं असतं. ते बोलतात, चहा मागतात आणि त्यांतले काही रात्रीतून कोसळतात. रक्ताच्या तपासण्यांची गरज नेमकी इथे. त्यासाठी हृदयाच्या उजव्या बाजूची घडण समजून घेतली पाहिजे. डाव्या बाजूला सगळ्या शरीरात रक्त ढकलायचं असतं, म्हणून तिची भिंत जाड. उजवीला फक्त शेजारच्या फुफ्फुसात रक्त पोचवायचं असतं. तिथला सरासरी दाब १५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून भिंत जेमतेम तीन-चार मिलिमीटरची. फुफ्फुसाच्या धमन्यांचा तिसरा हिस्सा ते अर्धा भाग गुठळ्यांनी तुंबला की हा दाब चढू लागतो. सपाट रानात वावरलेल्या बैलाला एकाएकी घाटाच्या चढावर जुंपावं, तशी उजव्या कप्प्याची गत होते. सराव नसलेला उजवा कप्पा ४० मिलिमीटरच्या वर सरासरी दाब निर्माणच करू शकत नाही. तो फुगतो, मधला पडदा डावीकडे रेटतो, डावीकडे कमी रक्त पोचतं, प्रेशर उतरतं, मग उजव्या कप्प्याच्याच स्नायूला रक्त कमी पडतं आणि तो आणखी थकतो. या फेऱ्यात माणूस जातो. म्हणून गुठळी केवढी आहे यापेक्षा तिच्यासमोर उजवं हृदय कसं उभं आहे, हे महत्त्वाचं. तीच गुठळी धडधाकट तरुण पचवतो आणि दम्याच्या जुन्या रुग्णाला ती संपवते.

ताणात सापडलेल्या स्नायूच्या पेशींना इजा झाली की त्यांच्यातलं ट्रोपोनिन रक्तात गळतं. कप्प्याची भिंत ताणली की बीएनपी किंवा त्याचा जोडीदार एनटी-प्रोबीएनपी वाढतो. पहिल्याने इजा कळते, दुसऱ्याने ताण. २००७मध्ये ‘सर्क्युलेशन’ या नियतकालिकात २० अभ्यासांतल्या १,९८५ रुग्णांचा एकत्रित हिशेब आला. ट्रोपोनिन वाढलेल्यांत मृत्यू शंभरात वीसच्या जवळ, न वाढलेल्यांत चारच्या जवळ. फरक मोठाच आहे. पण त्याच आकड्याची दुसरी बाजू नातेवाइकांना कुणी सांगत नाही: ट्रोपोनिन वाढूनही शंभरातले ऐंशी जगले. म्हणून युरोपीय हृदयरोग संघटनेची २०१९ची मार्गदर्शक तत्त्वं एकट्या ट्रोपोनिनवर निकाल देत नाहीत. टू-डी इको किंवा सीटीत उजवा कप्पा फुगलेला दिसला आणि ट्रोपोनिनही वाढलं, तर रुग्ण मध्यम गटातल्या वरच्या पायरीवर. दोन्हींपैकी एकच असेल तर खालच्या. संवेदनशील ट्रोपोनिन-टीची मर्यादा पंचाहत्तरीच्या आत १४ पिकोग्रॅम, त्यापुढे ४५. एनटी-प्रोबीएनपीची ६००. लॅक्टेट दोनच्या वर असेल तर प्रेशर दिसायला ठीक असलं तरी अवयवांना रक्त पुरत नाही, असं समजतात. लॅक्टेट हा यातला दुर्लक्षित राहिलेला साक्षीदार आहे. क्रिएटिनिनही त्याच कारणाने बघतात, शिवाय किडनी बिघडलेली असेल तर ट्रोपोनिन आणि बीएनपी दोन्ही गुठळीविनाही चढलेले असतात, हेही त्यावरून उमगतं.

छोट्या गावात एक फसगत नेहमी होऊ शकते. छातीत दुखतंय, दम लागलाय, झटपट तपासणीच्या कार्डावरचा ट्रॉप-टी, म्हणजे ट्रोपोनिन, पॉझिटिव्ह आला. याचा सरळ अर्थ ‘अटॅक’ असा लावला जातो. कार्ड फक्त रेघ दाखवतं. ती डाव्या हृदयाच्या अडलेल्या रक्तवाहिनीने उमटली की उजव्या हृदयाच्या ताणाने, हे कार्डाला ठाऊक नसतं. उलट, अगदी थोडं ट्रोपोनिन असेल तर कार्डावर रेघच येत नाही. ईसीजी, पायाची सूज, नुकतंच झालेलं ऑपरेशन, फुफ्फुसं ऐकायला स्वच्छ असूनही ऑक्सिजन कमी, हे सगळं एकत्र मांडलं तरच शंका येते.

कर्नाटकात या फसगतीला आणखी एक पदर आहे. अभिनेते पुनीत राजकुमार २०२१मध्ये अवघ्या ४६व्या वर्षी हृदय बंद पडून गेले. त्यांच्या नावाने राज्य सरकारने हृदयज्योती योजना आणली. तालुका पातळीच्या सरकारी दवाखान्यांत ईसीजी काढून तो मोठ्या केंद्रातल्या तज्ज्ञाला दाखवायचा आणि झटका असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज हे महागडं इंजेक्शन मोफत द्यायचं, अशी तिची रचना. योजना चांगलीच. पण हेच औषध फुफ्फुसातल्या गुठळीवरही चालतं, आणि मग मोह होतो: ट्रोपोनिन वाढलंय, औषध हाताशी आहे, देऊन टाका.

या मोहाची परीक्षा झालेली आहे. १३ देशांत, उजवा कप्पा फुगलेल्या आणि ट्रोपोनिन वाढलेल्या पण प्रेशर शाबूत असलेल्या १,००५ रुग्णांवर पाइथो नावाचा प्रयोग झाला. निकाल २०१४मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आला. निम्म्यांना हेपारिनबरोबर टेनेक्टेप्लेज, निम्म्यांना नुसतं हेपारिन. आठवडाभरात मृत्यू किंवा रक्तदाब कोसळणं हे ५.६ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आलं. इथवर औषधाची बाजू भक्कम वाटते. पण पक्षाघात ०.२ टक्क्यांवरून २.४ टक्क्यांवर गेला, आणि त्यांतले बहुतेक मेंदूत रक्तस्राव होऊन झालेले. नुसते मृत्यू बघितले तर दोन्ही गटांत ठळक फरक नव्हता. तेव्हापासून रीत ठरली: प्रेशर कोसळलेल्यांना हे औषध, इतरांना हेपारिन आणि डोळ्यांत तेल घालून पहारा. ट्रोपोनिनवरून ठरतं ते पहारा कुठे आणि किती कडक ठेवायचा एवढंच.

कमलनगरहून बघितलं तर हा पहाऱ्याचा प्रश्न रस्त्याचा प्रश्न होतो. कॉन्ट्रास्टचा सीटी मोठ्या गावातच होतो. एका दिशेला उदगीर आणि पुढे लातूर, दुसऱ्या दिशेला भालकी आणि बीदरचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय. तिथून कलबुर्गीची जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा शंभरावर किलोमीटर, हैदराबाद त्याहून लांब. राज्य कुठलं, रेशनकार्ड कुठलं, कार्ड चालेल की नाही, ही चर्चा अ‍ॅम्ब्युलन्सच्या दारात होते. सहा गोष्टींची यादी कोरी, ट्रोपोनिन नॉर्मल, अशा रुग्णाला रात्री दीडशे किलोमीटर पळवण्यात अर्थ नाही. जवळच्या दवाखान्यात उपचार होऊ शकतात आणि काही निवडक रुग्णांना गोळ्या देऊन लवकर घरीही सोडतात. याउलट उजवा कप्पा फुगलेला आणि ट्रोपोनिन वाढलेलं, तर पहिले दोन-तीन दिवस आयसीयू असलेल्या ठिकाणीच काढायला हवेत. शंका दाट असेल तर हेपारिनचं पहिलं इंजेक्शन सीटीची वाट न बघता, निघण्यापूर्वीच देतात, रक्तस्रावाचा धोका नसेल तर. चिठ्ठीवर ते कधी दिलं याची वेळ हवी. ट्रोपोनिनचं रक्त कधी घेतलं याचीही, कारण त्रास सुरू झाल्यावर लगेच घेतलेला नमुना नॉर्मल येऊन काही तासांनी तोच वाढलेला दिसू शकतो. दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरला चढ-उतार कळायचा तर दोन आकडे आणि त्यांमधलं अंतर लागतं. ‘ट्रॉप पॉझिटिव्ह’ एवढ्या दोन शब्दांतून त्याला काही कळत नाही.

घरी परतल्यावर विचारला जाणारा प्रश्न म्हणजे गोळ्या किती दिवस. त्याचं उत्तर या आकड्यांत नाही. ट्रोपोनिन कितीही चढलेलं असो, रक्त पातळ ठेवणारं औषध निदान तीन महिने लागतं, आणि पुढे चालू ठेवायचं का हे गुठळी कशामुळे झाली त्यावर ठरतं. ऑपरेशनमुळे झाली असेल तर बहुधा थांबवतात, कारणच सापडलं नाही किंवा कर्करोग असेल तर लांबवतात. तीन महिन्यांनीही बांधावरून चालताना पूर्वी नव्हती अशी धाप लागत असेल तर पुन्हा टू-डी इको करावा. शंभरातल्या तीनेक जणांच्या धमन्यांत जुनी गुठळी चट्ट्यासारखी चिकटून राहते आणि उजव्या कप्प्यावरचा दाब उतरतच नाही. त्यांच्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया असते आणि ती देशातल्या मोजक्याच केंद्रांत होते.