सिटकाच्या चामडी नोटा

सिटका (अलास्का) :

या गावाला बाहेरून येणारा रस्ता नाही. विमानानं या किंवा बोटीनं. आज इथं डॉलर चालतो; पण 1867पर्यंत हे नोव्हो-अर्खांगेल्स्क होतं, रशियन अमेरिकेची राजधानी, आणि इथला पैसा एका व्यापारी कंपनीचा होता.

झार पहिल्या पॉलनं 1799 साली रशियन-अमेरिकन कंपनीला इथल्या व्यापाराची मक्तेदारी दिली. राज्यकारभारही तिच्याच हाती. रशियातून इतक्या लांब नाणी आणणं जिकिरीचं, म्हणून 1816पासून कंपनीनं स्वतःच्या नोटा काढल्या. या दमट हवेत कागद टिकला नसता, तेव्हा त्या चामड्यावर छापल्या. काहींचे कोपरे कापलेले, काहींना भोकं पाडलेली. निरक्षर शिकाऱ्याला नुसत्या स्पर्शानं किंमत कळावी, ही त्यामागची सोय.

ही सोय मला मात्र अस्वस्थ करते. पगार कंपनी देई, नोट कंपनीची, ती चाले कंपनीच्याच दुकानात, आणि तिथल्या पिठाचा, चहाचा, कापडाचा भावही कंपनीच ठरवी. अनेक रशियन कामगार कर्जात बुडाले आणि मायदेशी परतणं त्यांना दुरापास्त झालं. अल्युशन बेटांवरच्या मूळच्या अल्युत लोकांचे हाल याहून वाईट. समुद्री पाणमांजराची शिकार करावी तर त्यांनीच. 1821च्या सनदेनं 18 ते 50 वयाच्या निम्म्या पुरुषांना कामाला लावण्याचा हक्कच कंपनीला दिला. कातड्याचा दर कंपनी ठरवी. तेच कातडं रशिया-चीन सीमेवरच्या क्याख्ताच्या बाजारात चिनी चहाच्या बदल्यात जाई.

सिटकाचे मूळ रहिवासी ट्लिंगिट मात्र कधीच पुरते ताब्यात आले नाहीत. ते ब्रिटिश-अमेरिकन जहाजांशीही सौदे करत. उलट तटबंदीतले रशियन मासळी आणि बटाट्यासाठी त्यांच्यावर अवलंबून असत.

18 ऑक्टोबर 1867ला इथल्या टेकडीवर झेंडा बदलला. 72 लाख डॉलरला अलास्का अमेरिकेला विकला गेला; ट्लिंगिटांना कुणी विचारलं नाही. आमची जमीन विकणारे हे कोण, हा त्यांचा सवाल तेव्हापासूनचा. 1971च्या कायद्यानं अलास्कातल्या मूळ रहिवाशांना सुमारे 4 कोटी 40 लाख एकर जमीन आणि 96 कोटींहून अधिक डॉलर मिळाले. पण जमीन जमातींच्या नावे झाली नाही. त्यासाठी नव्या कंपन्या काढल्या गेल्या आणि ट्लिंगिट, अल्युत त्यांचे भागधारक झाले.